एका आवाजी क्रियापदावर पारखलेला शब्दकोश : कॉलिन्स कोबिल्ड

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला शब्दकोश पारखायचा असेल, तर तो मोठ्या, भारदस्त शब्दांवर पारखू नये. लोकशाही किंवा पर्यावरण यांसाठीचे इंग्रजी शब्द बहुतेक सगळेच कोश नीट समजावतात आणि त्यांचा वाक्यातला वापरही मराठी वापरापासून फार दूर जात नाही. कोशाचा खरा कस लागतो तो रोजच्या बोलण्यातल्या, लहानशा, नाद असलेल्या क्रियापदांवर. म्हणून कॉलिन्स कोबिल्ड या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाचे परीक्षण करताना मी 'चॉम्प' हे क्रियापद कसोटीला घेतले आहे, आणि त्याच्याबरोबर त्याची 'मन्च', 'क्रंच', 'च्यू' ही भावंडेही. चॉम्प म्हणजे जबडा जोराने चालवत, आवाज होईल असे चावणे. मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना हा कोश माझ्या टेबलावर असतो आणि त्याचे संकेतस्थळही मी वर्गात उघडते, त्यामुळे पुढचे मत वापरातून बनलेले आहे.

खाण्याच्या आवाजांची मराठीला वाण नाही. चकली कुरुमकुरुम खाल्ली जाते, काकडी कचाकचा चावली जाते, फुटाणे कुडुमकुडुम फोडले जातात, कोणी मचमच आवाज करत जेवतो, कोणी मिटक्या मारतो, आणि कढी पिताना भुरके मारणाऱ्याला पंगतीत कोणी नावे ठेवत नाही. मात्र वाक्याची रचना पाहिली तर चावण्याचा आवाज आपण बहुधा क्रियाविशेषणावर सोपवतो आणि क्रियापद साधेच ठेवतो : खाणे, चावणे, फोडणे. 'भुरकणे' हे नादातून आलेले क्रियापद आहे, पण ते पातळ पदार्थांसाठी. इंग्रजी मात्र चावण्याचा आवाज थेट क्रियापदात बसवते. त्यामुळे मराठीत विचार करणारा विद्यार्थी सुरुवातीला 'ही एट द कॅरट विथ नॉइज' असे लिहितो, आणि चॉम्प हा शब्द शिकल्यावरही सवयीने 'ही चॉम्प्ड द कॅरट लाउडली विथ साउंड' असे लिहून एकच आवाज तीनदा ऐकवतो. त्याला शब्दाचा अर्थ कळलेला असतो. त्या अर्थातला किती भाग क्रियापदाने स्वतःच उचलला आहे, हे कळलेले नसते.

इंग्रजी-मराठी कोशात 'आवाज करत चावणे' एवढा अर्थ मिळाला की तो बरोबरच असतो, परंतु वाक्य लिहायला बसलेल्या मुलाला त्याच्या पुढचे सगळे हवे असते. चॉम्प कोण करतो, माणूस की जनावर? पदार्थाचे नाव क्रियापदाला थेट जोडायचे की मध्ये 'ऑन' किंवा 'थ्रू' घालायचे? हा शब्द निबंधात चालेल की फक्त बोलण्यात? कोबिल्डची नोंद या प्रश्नांची उत्तरे अर्थ सांगता सांगता देते, आणि हेच या कोशाचे मोठेपण आहे. त्यात अर्थ हा तुटक शब्दसमूह नसतो, ते एक पूर्ण वाक्य असते. एखादी व्यक्ती किंवा प्राणी खाद्यपदार्थावर चॉम्प करतो, किंवा चॉम्प करत त्या पदार्थातून आपली वाट काढतो, तेव्हा तो तो पदार्थ आवाज करत चावत असतो, अशा धाटणीची ती व्याख्या आहे. एवढ्या एका वाक्यात कर्ता मिळाला, कर्म मिळाले, दोन शब्दयोगी रचना मिळाल्या आणि शेवटी अर्थ मिळाला. बोलीतला शब्द असल्याची खूणही नोंदीत आहे. विद्यार्थ्याने व्याख्येतला सर्वसामान्य कर्ता काढून तिथे आपला कुत्रा, आपला भाऊ किंवा शेजारची शेळी बसवली, की त्याचे पहिले बिनचूक वाक्य तयार होते.

ही पद्धत कुठून आली, हे कळले की कोशाची बाकीची मांडणीही समजते. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना घातला. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश 1942 मध्ये तोक्योत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश त्याच घराण्यातला. जपानी भाषाही मराठीसारखीच नादशब्दांनी भरलेली आहे, आणि अशा भाषेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर बसून केलेल्या त्या कोशात क्रियापदांच्या वाक्यरचनांना इतके महत्त्व मिळावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. 1978 मध्ये लाँगमनने सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या लिहिण्याचा नियम आपल्या कोशात पाळला. त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स यांच्या संयुक्त प्रकल्पातून, प्राध्यापक जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली, 1987 मध्ये पहिला कोबिल्ड आला. सिंक्लेअर यांचा आग्रह असा होता की भाषेचा पुरावा संपादकाच्या डोक्यातून न काढता लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या मजकुराच्या संगणकीय संग्रहातून काढावा, आणि उदाहरणेही तिथूनच घ्यावीत. हॉर्नबी यांनी क्रियापदाच्या रचना संकेतांनी दाखवल्या होत्या; कोबिल्डने त्या व्याख्येच्या वाक्यातच विणल्या. शिकणाऱ्याला वेगळी संकेतचिन्हे पाठ करावी लागत नाहीत, हा त्याचा फार मोठा फायदा आहे.

चॉम्पच्या बाबतीत ही विणकाम-पद्धत सर्वांत उपयोगी ठरते ती क्रियापदाला लागणाऱ्या छोट्या शब्दांसाठी, आणि मराठी विद्यार्थी अडतो तोही नेमका इथेच. 'द डॉग चॉम्प्ड ऑन अ बोन' या वाक्यात 'ऑन' मुळे दात पदार्थावर पुन्हा पुन्हा पडत आहेत असे दिसते. हाड संपले की नाही याबद्दल वाक्य काही बोलत नाही. 'द बुलक्स चॉम्प्ड देअर वे थ्रू द फॉडर' म्हटले की कडब्याचा ढीग हळूहळू कमी होतो आहे आणि बैल त्याच्या दुसऱ्या टोकाकडे सरकत आहेत, असे चित्र उभे राहते. 'शी वॉज चॉम्पिंग अवे' यातल्या 'अवे' मुळे क्रिया निवांतपणे, कोणाची पर्वा न करता चालू आहे, हा भाव येतो. मराठीत आपण तो 'खात बसली होती' यातल्या 'बसणे' या सहायक क्रियापदाने आणतो. 'चॉम्प डाउन ऑन' मध्ये एकच जोरदार चावा असतो, दात खाली येऊन रुतण्याचा. मराठीतला 'लचका तोडला' त्याच्या जवळचा, पण त्यात तुटलेला तुकडा आहे आणि इंग्रजीत तो असेलच असे नाही. छोट्या शब्दांचे हे फरक व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवायला गेले तर वर्ग कंटाळतो. कोशातली व्याख्या मोठ्याने वाचून तिच्यात घरचे पदार्थ भरायला सांगितले, की तेच फरक मुले आपापसात वाद घालत शोधून काढतात.

भावंडांमधला फरक हा कसोटीचा दुसरा भाग. इथे कोबिल्ड पुष्कळ देतो, पण ते गोळा करून आणावे लागते. 'मन्च' ची व्याख्या सावकाश, नीट चावून आणि थोडा आवाज करत खाण्याकडे झुकते. त्यात घाई नाही, समाधान आहे. शेतात चरणारी मेंढरे मन्च करतात, दुपारी कट्ट्यावर शेंगदाणे खात गप्पा मारणारी माणसेही मन्च करतात. 'क्रंच' मध्ये आवाज पदार्थाचा असतो. गोळी, बर्फाचा तुकडा, सफरचंद अशी कठीण किंवा करकरीत वस्तू दाताखाली फुटते, आणि फुटण्याचा तो आवाज म्हणजे क्रंच. म्हणूनच हे क्रियापद तोंडाबाहेरही जाते : वाळक्या पानांवरून किंवा खडीवरून चालताना पायाखाली होणारा करकर आवाजही क्रंचच, आणि कोबिल्ड ही छटा वेगळ्या क्रमांकाखाली दाखवतो. चॉम्पमध्ये आवाज जबड्याचा आहे. त्यामुळे पदार्थ कुरकुरीत असण्याची अट नाही. मऊ पावाचा मोठा घास घेऊनही चॉम्प करता येते. आपल्याकडच्या पदार्थांवर हा फरक लावला की तो पक्का होतो. चकली आणि कडक बुंदीला क्रंच शोभते. मूठमूठ तोंडात टाकत खाल्लेल्या चिवड्याला मन्च. भाजलेले मक्याचे कणीस, उसाचे कांडे, गच्च भरलेला वडापाव यांना चॉम्प. श्रीखंडाला यांतले एकही क्रियापद लागत नाही, आणि तसे लावून पाहिल्यावर विद्यार्थ्याला शब्दाची हद्द कळते.

हा सगळा मेळ कोशाने एका ठिकाणी घालून दिलेला नाही, ही मला त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. चॉम्प पाहिल्यावर मन्च आणि क्रंच या नोंदी स्वतंत्रपणे उघडाव्या लागतात आणि तीन व्याख्या शेजारी ठेवून फरक स्वतः काढावा लागतो. शिक्षकाला ते जमते. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलीला कदाचित सुचणारही नाही. या बाबतीत लाँगमन सरस आहे, कारण तिथे 'ईट' या शब्दाच्या नोंदीपाशी खाण्याच्या वेगवेगळ्या क्रियापदांची चौकट दिली आहे आणि प्रत्येकाचा वेगळेपणा एका ओळीत सांगितला आहे. कोबिल्डने खोल विहीर खणली आहे; लाँगमनने तीवर रहाटही बसवला आहे.

दुसरी उणीव शब्दाच्या सामाजिक वजनाची. नोंदीत बोलीतला शब्द अशी खूण आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. कुत्रा, घोडा, लहान मूल यांच्याबद्दल चॉम्प वापरले तर त्यात काही खटकत नाही, उलट जिव्हाळाही असू शकतो. जेवायला आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यांबद्दल 'दे चॉम्प्ड देअर डिनर' असे लिहिले, तर त्यात त्यांच्या जेवण्याच्या पद्धतीवर टीका होते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात ती मुळीच नसते. 'मचमच करत जेवले' हे पाहुण्यांबद्दल आपण जसे म्हणणार नाही, तसेच हे. मन्च त्या मानाने सौम्य आहे, च्यू तर तटस्थच. या क्रियापदांतली ही उतरंड शिकणाऱ्याला फार गरजेची असते, कारण व्याकरणाची चूक वाचणारा माफ करतो, पण अनवधानाने झालेला अनादर बराच काळ लक्षात राहतो. अशा ठिकाणी एखादी सावधगिरीची ओळ कोशात असायला हवी होती.

संकेतस्थळाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आजचा विद्यार्थी छापील प्रत उघडण्याआधी मोबाइल उघडतो. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एकच शब्द शोधला की एकाखाली एक अशा अनेक कोशांतल्या नोंदी येतात. सर्वांत वर कोबिल्डची, विद्यार्थ्यांसाठीची, आणि तिच्याखाली ब्रिटिश व अमेरिकी इंग्रजीच्या सर्वसाधारण कोशांतल्या. हे फुकट मिळते आणि त्याची श्रीमंती मोठी आहे, पण सरमिसळही मोठी आहे. मूळ इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली व्याख्या आणि शिकणाऱ्यासाठी लिहिलेली व्याख्या यांतला फरक नवख्याला कळत नाही, आणि तो खाली सरकत जाऊन सर्वांत आखूड व्याख्या उतरवून घेतो. त्याहून खाली वृत्तपत्रे वगैरेंतून संगणकाने आपोआप निवडलेल्या वाक्यांचा भाग येतो, आणि निवड आपोआप झाली असल्याची सूचना प्रकाशकांनी तिथे दिलेली आहे. ही वाक्ये खरी असतात, पण मागचापुढचा संदर्भ तुटलेला असतो आणि कधी कधी वाक्यातला विनोद किंवा टोमणा त्या एका ओळीवरून कळतच नाही. वर्गात मी वरच्या नोंदीतली, संपादकांनी निवडलेली उदाहरणे वापरते आणि खालची वाक्ये फक्त शब्द किती ठिकाणी फिरतो हे दाखवण्यापुरती ठेवते. शिवाय जाहिराती आहेत, आणि लहान पडद्यावर त्या वाचनात अडथळा आणतात.

संकेतस्थळाची जी सोय छापील प्रतीत येणे शक्यच नाही, ती उच्चाराची. मराठीत 'च' दोन आहेत : 'चहा' मधला आणि 'चमचा' मधला. चॉम्पचा 'च' चहातला आहे. 'चावणे' हा मराठी शब्द मनात असलेला विद्यार्थी सहज चमच्यातला 'च' उच्चारतो, आणि मग शब्द ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. स्वराचीही गंमत आहे. ब्रिटिश उच्चारात तो आखूड 'ऑ' आहे, अमेरिकी उच्चारात तो 'आ' च्या जवळ जातो. ध्वनिमुद्रण दोन-तीनदा ऐकवले की हा प्रश्न सुटतो, आणि लिपीतले चिन्ह कितीही काटेकोर असले तरी ते हे काम करू शकत नाही.

चॉम्प हा शब्द 'चॅम्प' या जुन्या क्रियापदाचे रूप आहे. घोडा तोंडातली लगामाची कडी अधीरपणे चावत राहतो, त्यावरून 'चॉम्पिंग अ‍ॅट द बिट' हा वाक्प्रचार आला. एखादी गोष्ट सुरू करण्यासाठी उतावीळ झालेल्या माणसाबद्दल तो वापरतात. 'चॅम्पिंग' हे त्यातले जुने रूप आणि आजही दोन्ही रूपे चालतात. विद्यार्थ्याला हे सांगावेच लागते, नाहीतर उताऱ्यात हा वाक्प्रचार आला की तो कोण काय खात आहे ते शोधत बसतो. पर्ल या संगणकभाषेत तर चॉम्प नावाची आज्ञाच आहे आणि ती ओळीच्या शेवटी असलेले, नवी ओळ सुरू करणारे चिन्ह काढून टाकते. पुण्या-मुंबईत संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या कित्येकांची या शब्दाशी पहिली ओळख तिथेच झालेली असते. सर्वसाधारण कोशाने ती छटा द्यावी अशी अपेक्षा नाही, पण कोणाला हा शब्द आधीपासून ओळखीचा का वाटतो याचे उत्तर त्यात मिळते.

उदाहरणांतले जग ब्रिटिश आहे, हे इथल्या वाचकाने धरूनच चालावे. सँडविच, लांबट फ्रेंच पाव, न्याहारी हे त्या जगाचे पदार्थ. आणि उदाहरणे खऱ्या मजकुरातून घ्यायची हे तत्त्व मान्य केले, की ती त्याच समाजाची असणार हे ओघानेच आले. मला त्यात दोष दिसत नाही. खऱ्या वाक्यातला अनोळखी पदार्थ समजावून सांगता येतो. कोणी कधीच बोलले नसते असे गुळगुळीत वाक्य मात्र शिकवून काही हाती लागत नाही. पूर्ण वाक्याच्या व्याख्येवर जी टीका होते, म्हणजे ती लांब होते आणि अगदी नवख्याला जड जाते, तिच्यात मात्र तथ्य आहे. आठवी-नववीच्या मुलांना कोबिल्ड देऊ नये. त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशांची आखूड व्याख्या आणि सोबतचे एखादे सरळ उदाहरण पुरेसे आहे.

अकरावीनंतरचे विद्यार्थी, इंग्रजीचे शिक्षक आणि विशेषतः मराठीतून इंग्रजीत अनुवाद करणारे यांना मी हा कोश आग्रहाने सुचवेन. अनुवादकाने त्याच्या जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ठेवावा. 1831 साली निघालेल्या आणि 1857 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत वाढवलेल्या त्या कोशात मराठीतले अनुकरणवाचक शब्द मोठ्या आस्थेने नोंदवलेले आहेत, आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो कोणालाही फुकट पाहता येतो. 'कुरुमकुरुम' किंवा 'कचाकचा' असे काही समोर आले की आधी मोल्सवर्थमध्ये त्या नादाचे स्वरूप पाहावे : आवाज पदार्थाचा आहे, दातांचा आहे की ओठांचा? मग कोबिल्डमध्ये क्रंच, चॉम्प, मन्च यांपैकी त्या आवाजाची जागा कोणते क्रियापद घेते आणि त्यासोबत कोणता छोटा शब्द येतो हे ठरवावे. या दोन कोशांच्या मधली पायरी इंग्रजी-मराठी कोशाने भरून निघत नाही.

छापील प्रत घ्यायची असेल तर नव्या आवृत्तीसाठी अडून बसण्याचे कारण नाही. रोजची क्रियापदे आवृत्तीगणिक बदलत नाहीत. बदलतात ते तंत्रज्ञानाचे आणि बातम्यांतले शब्द, आणि ते संकेतस्थळावर मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे कोबिल्डच्या आधीच्या आवृत्त्या अधूनमधून येतात. घेताना बांधणी तपासावी, कारण एवढा जाड कोश पाठीकडून लवकर सुटतो, आणि एखाद्या क्रियापदाची नोंद उघडून उदाहरणांची वाक्ये नीट छापलेली आहेत ना हे पाहूनच पैसे द्यावेत.